शुभा, रंजनाला मी सुरुवात सांगितली

शुभा, काल तुझ्या लॅबमधली रंजना आली होती. तेराव्याला आली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती, बिचारी दारातूनच हात जोडून गेली. म्हणून परत आली. अर्धा डझन केळी आईंच्या उशाशी ठेवली, पाणी प्यायली, आणि मग तिची नजर टीव्हीखालच्या त्या काळ्या डब्यावर गेली ती तिथंच राहिली. मला वाटलं, आता रडणार. तर म्हणते कशी, "वहिनी, रागावणार नसाल तर एक विचारू? माझ्या मुलानं त्याचा जुना गेम मला दिलाय. हाच, शुभा खेळायची तो. ती म्हणाली होती, रिटायर झालीस की पहिल्या गुरुवारी भांडुपला ये, मी शिकवते. आता कोण शिकवणार? सुरुवात कशी करायची असते हो?"

मला आधी रागच आला. माणूस जाऊन तीन आठवडे झाले नाहीत आणि ही खेळाचं विचारतेय. मग बघितलं तर बाईनं पर्समधून डायरी काढली होती, चष्मा लावला होता, पेनचं टोपण दातात धरलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पहिलीतल्या पोरीसारखी बसली होती. डोळे मात्र भरलेले. म्हणाली, "ती होती तेव्हा मीच टाळलं. म्हटलं, हे काय आपलं वय आहे का?"

म्हणून मी सांगायला बसले. मी! जिला तू दीड वर्षापूर्वी हा कंट्रोलर दिलास तेव्हा तो उलटा धरला होता.

आठवतंय ना? आईंना एकट्यानं पलंगावरून उठता येईना, म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली. त्यानंतरचा पहिला गुरुवार, तुझ्या सुट्टीचा वार. जेवणं झाली, आईंचा डोळा लागला आणि मी रिकामी बसून खिडकीबाहेर बघत होते. माझा ओंकार बंगळुरूला जाताना हा डबा टाकून गेला होता आणि तू तो कधीच ताब्यात घेतला होतास. माझ्या मांडीवर कंट्रोलर टाकून म्हणालीस, "पंचवीस वर्षं पोरांची हजेरीपत्रकं सांभाळलीस ना, आता घोडा सांभाळ." समोर केवढं मोठं जग उघडलं! डोंगर, नद्या, पडके किल्ले, जादूगार, आभाळातून आग ओकणारे राक्षस. आणि कुठं जायचं ते कुणीच सांगत नाही. जिकडं तोंड फिरवावं तिकडं जाता येतं. मला घाम फुटला. तू हसत होतीस.

रंजनाला मी पहिलं हेच सांगितलं, की चेहरा बनवण्यात वेळ घालवू नका. मी दोन गुरुवार घालवले होते. नाक जरा चाफेकळी हवं, भुवया जाड नकोत, रंग फार गोरा नको. तू कपाळाला हात लावलास. "वहिनी, मुलगी बघायला चाललोय का आपण? तासाभरात ती लोखंडी टोप घालणार आहे, नाकाचं काय करायचंय?" आणि मग खेळानं नाव विचारलं. मी एकेक अक्षर शोधत 'सुमन' असं टाकलं.

"ही कोण?" तू विचारलंस.

"मी. लग्नाआधीची."

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं, तेव्हा ते ताट तू धरलं होतंस. चौदा वर्षांची होतीस, नवीन परकर-पोलक्यात. म्हणालीस, "मला वाटलेलं, संध्या हे नाव तुला आवडलंय." मी म्हटलं, "मला कुणी विचारलं होतं?" पुढं कधी तू तो विषय काढला नाहीस. पण खेळताना ओरडायचीस ती, "सुमन, डावीकडं! सुमन, मागं बघ, मागं!" सव्वीस-सत्तावीस वर्षांनी या घरात कुणीतरी मला त्या नावानं हाक मारत होतं. मला ते किती बरं वाटायचं हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, असं वाटायचं.

रंजना भराभर लिहून घेत होती. मी म्हटलं, दिसेल ते उचलू नका. पिशवीत मावेल तेवढंच. मी काय केलं होतं, ते तर तू लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलंच होतंस म्हणे. दिसेल त्या घरात शिरून वाट्या, दोरखंड, लाकडी चमचे, रिकामी मडकी, सगळं भरून घेतलं होतं मी. "लागेल कधीतरी." मग सुमनला ओझं झेपेना, पाऊल उचलेना, आणि समोरून लांडगे आले. तू पोट धरून हसलीस. "सतरा वाट्या घेऊन लढायला निघालीस? त्यांना काय आमरस वाढणार आहेस?" आईंना जाग आली तुझ्या हसण्यानं. त्या विचारायला लागल्या, "काय झाला गो?" तेव्हापासून त्याही पलंगावरून बघायला लागल्या. त्यांना ती मालिकाच वाटायची. मी खेळत नसले की विचारायच्या, "त्या घोड्यावरच्या बायेचा पुढे काय झाला?"

आणि त्या लाल बाटल्या. प्यायलं की जखम भरून येते त्या. माझ्याकडं त्रेचाळीस साठल्या होत्या आणि मी एकही प्यायले नव्हते. दर वेळी मरायचे, पण बाटली फोडायचे नाही. पुढं कुणी मोठा राक्षस आला तर? तू वैतागून म्हणालीस, "अगं, पुढं जायला आधी जिवंत राहावं लागतं ना! ठेवून ठेवून काय करणार? पी मुकाट्यानं." शुभा, तुझ्या साहेबांनी परवा यांना फोन केला होता कागदपत्रांसाठी. तुझी एकशे बारा दिवसांची रजा शिल्लक आहे. आईंना काही झालं तर असावी, म्हणून तू साठवत होतीस. मला बाटल्या प्यायला लावणारी तू! मी फोन झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

पळून जायला लाजू नका, हेही सांगितलं. तो मुद्दा मला पटायला फार वेळ लागला होता. समोरच्याच्या डोक्यावर कवटीची खूण दिसली की समजायचं, हा आपल्या आवाक्याबाहेरचा, आणि सुटायचं. मी आपली तलवार उगारून उभी. तू म्हणायचीस, "कुणी बघत नाहीये गं. इथं पळालं म्हणून नाव ठेवायला नातेवाईक नाहीत." आणि सोप्या पातळीवर खेळा, अवघड पातळीवर खेळलं म्हणून कुणी शाल-नारळ देत नाही. हे वाक्य तुझंच. रंजनानं ते लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पुढची सूचना सांगताना मात्र मी अडखळले. महत्त्वाच्या माणसाशी बोलायच्या आधी सेव्ह करून ठेवायचं. तोंडातून भलतंच काही गेलं, समोरचा दुखावला, तर परत मागं येऊन दुसरं बोलता येतं. "वहिनी, पाणी आणू?" रंजनानं विचारलं. मी म्हटलं, नको.

तिला वाटलं, तुझ्या आठवणीनं झालं. तुझ्या आठवणीनंच झालं, पण कुठल्या आठवणीनं, ते तिला कसं कळणार?

तुझा शेवटचा गुरुवार. आपलं नेहमीचंच भांडण चाललं होतं. खेळातलं पहिलं गाव मी वर्षभर सोडलं नव्हतं. जो तो भेटायचा आणि काम सांगायचा. कुणाची शेळी हरवली, कुणाला औषधाचा पाला हवा, त्या म्हाताऱ्या कुंभारणीला नदीकाठची माती हवी. मी सगळ्यांना हो म्हणायचे आणि सगळ्यांची कामं करत बसायचे. एक संपवलं की दुसरं निघायचं. वेशीच्या पलीकडं एवढं मोठं जग, तू रोज सांगायचीस, बर्फाचे डोंगर आहेत, समुद्र आहे, एक अख्खं शहर झाडांवर वसवलेलं आहे. मी म्हणायचे, जाऊ गं, एवढं संपलं की जाऊ. कबूल केलंय ना त्यांना. तू म्हणायचीस, "अगं, ती माणसं वाट बघत नसतात! आपण गेलो तरी तिथंच उभी असतात. दहा दिवसांनी आलीस तरी तेच बोलतील. हा खेळ सुरू करणाऱ्याला सगळ्यात पहिलं हेच सांगतात, वहिनी. पहिल्या गावात अडकू नकोस. बाहेर पड."

त्या गुरुवारी तुझाही संयम संपला. माझ्या हातातून कंट्रोलर घेतलास आणि सुमनला घोड्यावर बसवून थेट वेशीकडं न्यायला लागलीस. मला काय झालं कोण जाणे. मी तो हिसकावून घेतला आणि म्हटलं, "तुला काय जातंय सांगायला? तू तरी कुठं सोडलंस गाव?"

खेळाबद्दल नव्हतं ते. तुला कळलं. मलाही कळलं.

तू एक क्षण माझ्याकडं बघितलंस. मग हसलीस आणि म्हणालीस, "ते पण आहेच. चहा ठेवते." आलं किसून चहा केलास. दोघी प्यायलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. आपण बोललो की, दुधवाल्याचं, गॅसच्या नंबरचं, आईंच्या डायपरचं. त्या तीन दिवसांत किती वेळा तू आणि मी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एकमेकींना खेटून उभ्या होतो. एकदा म्हणायचं होतं, शुभा, चुकलं माझं. जिभेवर आलेलं होतं. मी मीठ कमी झालंय का विचारलं.

सोमवारी अकरा वाजता लॅबमधून फोन आला. रंजनानंच केला होता. डोकं ठणकतंय म्हणालीस आणि लोक जिथं बसून रक्त देतात त्या खुर्चीत बसलीस. हॉस्पिटलला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बेचाळीस वर्षांची होतीस. डोक्यातली रक्तवाहिनी, डॉक्टर यांना सांगत होते, कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं. मला मात्र तीन दिवस होते.

आता ते दुसरं लिहिते, जे मी कधी कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळही नाही.

आठ वर्षांपूर्वी तुमची लॅब नाशिकला नवीन शाखा काढत होती आणि तुला तिथं मुख्य म्हणून बोलावलं होतं. वर राहायला खोली. स्वतःची. तू कुणालाच सांगितलं नव्हतंस, आधी मला सांगितलंस. मी पोळ्या लाटत होते. तू ओट्याला टेकून उभी होतीस आणि तुझा चेहरा असा फुलला होता की मी तसा आधी कधी बघितला नव्हता. म्हणालीस, "खिडकीतून गोदावरी दिसते म्हणे, वहिनी. खोटं असेल, पण म्हणतात." मी हातातलं लाटणंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हटलं, "आणि आईंचं? त्यांचं खुब्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. मला शाळा आहे, ओंकारची बारावी आहे. माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं, शुभा."

एवढंच म्हटलं मी. ओरडले नाही, रडले नाही. तू म्हणालीस, "बरं." आणि ओटा पुसायला घेतलास. मी तो नुकताच पुसला होता.

त्यानंतर तू कधी नाशिकचं नाव काढलं नाहीस. मी स्वतःची समजूत घालत राहिले. तिला तरी कुठं एवढं जायचं होतं? जायचं असतं तर भांडली असती. यांच्याशी बोलली असती. नंतर स्थळं आली तीही तू परतवलीस, तेव्हाही मी म्हटलं, तिचा स्वभावच तसा, घरकोंबडी. सोयीचं होतं ते मला. सकाळी मी आईंचं करायचे, दुपारनंतर तू. सगळं कसं बिनबोभाट चाललं होतं.

आणि तेराव्याला कणकवलीचे काका चारचौघांत म्हणाले, "वहिनी असावी तर अशी. नणंदेला लेकीसारखं सांभाळलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पदर डोळ्याला लावून खाली मान घालून बसले. मला उठून सांगायचं होतं की बंद करा हे. माझी हिंमत झाली नाही. तुझ्या फोटोसमोर बसून मी ते कौतुक घेतलं, शुभा.

तर काल रंजनाला सगळं सांगून झालं. चेहरा, ओझं, बाटल्या, पळणं, सेव्ह करणं. रात्र झाली की शेकोटीपाशी झोपावं, घोड्याला शीळ घालून बोलवावं, हेही. तिनं डायरीची तीन पानं भरली. मग वर बघून विचारलं, "आणि? अजून काही?"

मला माहीत होतं काय राहिलंय. सगळ्यात पहिलं जे सांगतात, तेच. माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "नाही. एवढंच. बाकी खेळता खेळता कळेल." ती डायरी छातीशी धरून उठली. दारात म्हणाली, "शुभा नेहमी म्हणायची, वहिनी शिकली तर कुणीही शिकेल." दोघी हसलो आणि दोघी रडलो. लिफ्ट बंद होती, चार मजले हळूहळू उतरत गेली.

मी आत आले तर आई जाग्या होत्या. टीव्हीकडं बघत होत्या. तीन आठवडे कुणी खेळ लावला नव्हता. "त्या घोड्यावरच्या बायेचा काय झाला गो?" त्यांनी विचारलं.

माझा बांध फुटला. मी त्यांच्या पलंगावर बसले, त्यांचा हात घेतला आणि सांगून टाकलं. "आई, आठ वर्षांपूर्वी शुभाला नाशिकला जायचं होतं. चांगली जागा मिळत होती. मी नको म्हटलं. तुमचं नाव पुढं केलं आणि तिला अडवलं. जिवंतपणी तिला कुठं जाऊ दिलं नाही मी."

बोलून टाकलं आणि वाट बघत बसले. पोटची पोर गेलीये त्यांची. त्यांनी हात झिडकारला असता तरी मला चाललं असतं. खरं सांगू, झिडकारावा असंच वाटत होतं.

आईंनी हात तसाच राहू दिला. मग म्हणाल्या, "माका म्हायत आसा. भिंतीपलीकडेच होतंय मी. कान काय गेले नव्हते माझे."

त्याच पुढं म्हणाल्या,

"दुसऱ्या दिशी ती माका न्हावक घालीत होती. मी तिका म्हटलंय, जा गो चेडवा. माझो इचार करू नको. मी आसंय ती आसंय. वैनी बोलली तां मनावर घेव नको." आईंना दम लागला. मी पाणी दिलं. दोन घोट प्यायल्या. "तर माका म्हणता कशी, आये, तुझ्यासाठी नाय रवतंय मी. मी गेलंय तर वैनी एकटी पडतली. ह्या घरात तिका कोण आसा?"

शुभा, मला वाटायचं की तू आईंसाठी राहिलीस. माझं ओझं निम्मं उचललंस, याचं मला उपकारासारखं वाटायचं, आणि त्याच उपकाराखाली माझी चूक झाकून ठेवता यायची. चौतीस वर्षांची होतीस तू. पोळ्या लाटताना मान वर न करता तुला अडवणारी बाई एकटी पडेल, म्हणून तू खिडकीतली नदी सोडून दिलीस. आणि आठ वर्षं मला त्याचा वाससुद्धा येऊ दिला नाहीस. त्या गुरुवारी मी तुझ्या तोंडावर ते वाक्य मारलं, तेव्हा एका शब्दात मला गप्प करता आलं असतं तुला. तू आलं किसायला गेलीस.

मी आईंच्या पायाशी डोकं टेकून बसले होते. त्यांना झोप लागली. हे ऑफिसमधून आले, त्यांनी दिवा लावला, मला विचारलं काय झालं. मला सांगता आलं नाही, आणि मनातल्या मनात मी तुझ्यावर भडकले. इतकी भडकले की आयुष्यात कधी तुझ्यावर इतकी भडकले नसेन. एवढी कसली मोठी लागून गेलीस? माझी कीव करायला तुला कुणी बोलावलं होतं? पडले असते एकटी, केलं असतं कसंबसं, निभावलं असतं. कुणी सांगितलं होतं गं तुला थांबायला?

मी सांगितलं होतं.